टेकू

आमचे अण्णा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांच्या छातीने त्यांच्याविरुद्ध जी फिर्याद गुदरली तिचा निकाल आजतागायत लागलेला नाही. रात्री दोन-अडीचच्या सुमारास ते दचकून उठत, पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसत, आणि मग माजघरापर्यंत ऐकू येईल अशी एक बारीक शीळ त्यांच्या छातीतून निघू लागे. तास-दीड तासाने चिकट बेडका सुटला म्हणजे ती शीळ ओसरे, आणि ‘सुटलो’ एवढाच शब्द उच्चारून ते भिंतीला टेकून डोळे मिटत. अशी पाच वर्षे अडुळसा, ज्येष्ठमध आणि कोणी कोणी आणून दिलेल्या पुड्या यांत गेल्यावर आम्ही त्यांना छातीच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे नेले, आणि त्याने पंप लिहून देताच अण्णांनी जी हरकत घेतली ती महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात ऐकू येते: “पंपाची सवय लागते. एकदा तोंडाला लागला की जन्माचा.”

ही हरकत अडाणीपणाची म्हणून मी प्रथम धुडकावली होती. पुढे, अण्णांच्या उशाशी बसून काढलेल्या रात्रींत, तिच्या तळाशी एक जुना धार्मिक प्रश्न आहे हे माझ्या ध्यानात आले. आपल्या मनात व्याधीची दोनच दप्तरे असतात: एक तर ती समूळ जावी, नाही तर प्रारब्ध म्हणून मुकाट्याने भोगून संपवावी. जी समूळ जाणार नाही हे कबूल आहे आणि तरी जिच्यावर रोज सकाळ-संध्याकाळ उपचार करीत राहायचे आहे, अशी तिसरी व्याधी आपल्याला पेलत नाही, कारण तीत मोक्षाचे समाधान नाही आणि सहनशीलतेचे वैभवही नाही. देवपूजेपासून चष्म्यापर्यंत शंभर गोष्टींवर रोज अवलंबून असलेला माणूस पंपापाशी मात्र एकाएकी स्वावलंबनाचा साधक होतो, याचे मला फार दिवस नवल वाटत असे.

तपासणीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत होतो. एका लहानशा खोलीत नाकाला चिमटा लावून, तोंडात पुठ्ठ्याची नळी देऊन त्यांना बसविले, आणि पंचविशीची एक मुलगी, जिच्या अंगी एखाद्या हवालदाराचा आवाज असेल असे तिच्याकडे पाहून कोणालाही वाटले नसते, ओरडू लागली: “आजोबा, घ्या, घ्या, भरून घ्या, आता सोडा! जोरात! सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून!” अण्णांचा चेहरा लाल होऊन कपाळाची शीर फुगली, आणि पडद्यावर एक रेघ वर चढता चढता आळसावून आडवी झाली. असे तीनदा झाले. पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा १.१ लिटर भरली. मग त्यांना श्वासनलिका रुंद करणारे औषध ओढायला दिले, पंधरा मिनिटे बाकावर बसविले, आणि पुन्हा फुंकायला लावले; आता तोच आकडा १.५ झाला. अशी वाढ १२ टक्के आणि २०० मिलिलिटर यांच्या वर गेली तर नळ्यांचे आकुंचन परतणारे आहे, म्हणजे बहुधा दमा आहे, असे तज्ज्ञ धरतात. अण्णांनी तो कागद हातात घेऊन, चष्मा कपाळावर सारून, ताळेबंदावरून नजर फिरवावी तशी नजर फिरविली आणि विचारले, “आवक बरी दिसते, जावकच अडली आहे, नाही का?” डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. दमेकऱ्याचे दुःख श्वास मिळत नाही हे नसून घेतलेला सुटत नाही हे असते, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते. कारकुनी पेशातल्या माणसाने ती रकाने पाहून ओळखली. (यावरून अपरिग्रहाचे प्रवचन रचण्याचा मोह कोणाला होईल, तर त्याने आधी एक रात्र दमेकऱ्यापाशी बसावे.)

औषध देऊन पाहावे आणि उतार पडला त्यावरून रोग ओळखावा, ही रीत मला सर्वस्वी आधुनिक वाटली होती. पण रोगज्ञानाची जी पाच साधने चरकाने सांगितली, निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, त्यांतले उपशय म्हणजे नेमके हेच होय. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार येतात: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. तमकाचे वर्णन वाचताना तर आमच्या माजघरातल्या रात्री कोणी तरी लपून पाहिल्या होत्या की काय असे वाटते: निजता येत नाही, बसल्याने बरे वाटते, कफ सुटला की घटकाभर सुख होते, ढगाळ हवा, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी विकार बळावतो. पहिल्या तिघांना ग्रंथकार असाध्य ठरवितो आणि शेवटच्याला साध्य; तमक नवा असेल तर साध्य, एरवी याप्य.

याप्य या शब्दापाशी मी थबकलो. कालयापन या शब्दातले यापन आपल्या ओळखीचे आहे, पण आपण ते वेळ फुकट दवडणे या अर्थाने वापरून त्याची अब्रू घालविली. याप्य म्हणजे जो जात नाही, परंतु क्रियेने धरून ठेवता येतो, ज्याच्यासह दिवस नेता येतात असा रोग. आणि सुश्रुताने त्याला दृष्टान्त दिला आहे तो पडायला आलेल्या घराचा, ज्याला नीट लावलेला टेकू सावरून धरतो. आमच्या गावच्या घराची पाखाडीकडची भिंत मी जन्मापासून टेकूवर पाहिली आहे. तिच्या आत माझ्या दोन आत्यांची लग्ने झाली, आजोबांची गाथा तिच्याच कोनाड्यात असे, आणि त्या भिंतीला टेकूची ‘सवय लागली’ म्हणून टेकू काढून पाहण्याची कल्पना मात्र घरात कोणाला कधी सुचली नाही.

अण्णांच्या हरकतीत तथ्यांश नव्हता असे नाही. पंप दोन जातींचे असतात. एक तात्काळ नळ्या मोकळ्या करतो. दुसरा त्यांच्या आतला दाह रोज थोडा थोडा शमवितो आणि त्याचा गुण लगोलग जाणवत नाही. माणसे दुसरा सोडून देतात आणि पहिल्याच्या मागे लागतात. दाह आत वाढत राहतो, पहिल्याची गरज दिवसाला दोनदाची सहादा होते, आणि अशा वेळी जिला सवय म्हणतात ती खरोखर धोक्याची सूचना असते.

प्रारब्धाचा प्रश्न मला अण्णांपेक्षा माझ्या थोरल्या आत्याच्या संबंधात अधिक बोचला. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, तंबाखूही कधी तोंडात धरली नाही. पन्नास वर्षे तिने चुलीपुढे बसून, पावसाळ्यात ओली लाकडे फुंकणीने फुंकून, वीस माणसांचा स्वयंपाक केला, आणि साठीला तिच्या फुप्फुसांची अवस्था जन्मभर विडी ओढणाऱ्यासारखी झालेली निघाली. तिच्या बाबतीत औषध ओढून झाल्यावरही आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. ‘माझेच भोग,’ ती म्हणे. कोणाचे कर्म आणि कोणाचे फळ? त्या चुलीवरच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या, त्यांत मीही होतो, त्यांची फुप्फुसे साफ आहेत. चरकाने श्वासरोगाची कारणे मोजताना धूळ आणि धूर यांची नावे घेतली आहेत. आयुष्य नियत आहे काय असा प्रश्न त्याच संहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश विचारतो, तेव्हाही गुरू आत्रेय गाडीच्या आसाचा दाखला देतात: उत्तम आस आपल्या कालाने झिजून जातो, आणि तोच आस अतिभाराने वा वाईट वाटेने अवेळी मोडतो. आत्याच्या आसावर भार आम्ही घातला होता, आणि गतजन्माचे नाव सांगून त्या जबाबदारीतून निसटण्याची सोय धर्मशास्त्रापेक्षा आमच्या घराने अधिक केली होती, असे मला लिहावेसे वाटते.

आता पुन्हा सवयीकडे. वाणी, चक्षू, श्रोत्र, मन आणि प्राण यांच्यात श्रेष्ठत्वाचा तंटा लागला, ही छांदोग्यातली कथा सर्वश्रुत आहे. एकेक जण वर्षभर शरीर सोडून जातो आणि परत येऊन पाहतो तो बाकीच्यांचे आपल्यावाचून चाललेले असते, परंतु प्राण निघू लागताच, उमद्या घोड्याने पाय बांधलेल्या मेखा उपटाव्यात तशी इतर सगळी इंद्रिये उखडली जातात. जुन्या योगग्रंथांनी दिवसाचे श्वास २१,६०० मोजले, म्हणजे मिनिटाला पंधरा, आणि आजचा डॉक्टरही निरोगी माणसाचे श्वास त्याच्याच आसपास मोजतो. मात्र यांपैकी ‘मी’ घेतलेले किती? झोपेतले माझे नव्हेत, वाचनात गढलेलो असतानाचेही नव्हेत. हट्टाने श्वास रोखू लागलो तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, लंबमज्जा तगादा लावते, आणि फारच ताणले तर शुद्ध हरपून श्वास आपला आपण सुरू होतो; माझ्या मालकीची मर्यादा मला भोवळ आणून दाखविली जाते. उलट, सर्व बळ लावून सोडला तरी तो पूर्ण सुटतही नाही. इंग्लंडात जॉन हचिन्सन याने १८४६ मध्ये दोन हजारांवर माणसांना यंत्रात फुंकायला लावून श्वास मोजला, पण अखेरची फुंकर मारल्यावरही निरोगी प्रौढाच्या छातीत लिटरभराहून अधिक हवा मागे राहते, आणि ही शिल्लक त्या यंत्राला मोजताच येत नाही. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा त्यांना विलक्षण आनंद झाला. “अखेरची शिल्लक खातेदाराला कधी काढता येत नाही,” ते म्हणाले, “म्हणजे खाते त्याचे नव्हेच.”

प्राणाला कोण जुंपतो, या प्रश्नाने केनोपनिषदाचा आरंभ होतो. आणि कठोपनिषद तर प्राण व अपान या दोघांनाही आश्रित ठरवून, ज्याच्या आधारावर ते उभे आहेत त्याच्याकडे बोट दाखविते. तो आधार कोणता यावर वेदान्त्यांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यात निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दिसते की ज्या परंपरेने खुद्द श्वासालाच टेकूवर उभा मानला, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाने त्याला आणखी एक टेकू लावताना ओशाळे होण्याचे कारण नाही.

अण्णांनी पंप घेतला तो असल्या युक्तिवादाने नव्हे. एका आश्विनातल्या रात्री त्यांची नखे निळी पडली, इस्पितळात तीन दिवस काढावे लागले, आणि परत आल्यावर त्यांनी मुकाट्याने सकाळ-संध्याकाळचा परिपाठ सुरू केला. एका जुन्या वहीत तारीखवार नोंदीही ठेवू लागले. त्यांना एकच शंका उरली होती. दाह शमविणारा पंप ओढल्यावर औषध तोंडात राहून घशाला बुरशी धरू नये म्हणून चूळ भरावी लागते, आणि अण्णा एकादशीला निर्जळ राहत. त्यांनी उपाध्यांना गाठले. उपाध्ये थोडा वेळ पंचांग चाळीत बसले, ज्याची या प्रश्नाशी काहीच गाठ नव्हती, आणि मग म्हणाले, “अण्णासाहेब, शास्त्राची हरकत गिळण्याला आहे. चूळ थुंकायचीच असते.”

पुढच्या एकादशीला पहाटे मला जाग आली ती मोरीतल्या आवाजाने. अण्णा पाठमोरे उभे होते. तांब्यातून ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी खळखळून चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली, आणि एकही थेंब घशाखाली जाऊ नये म्हणून बराच वेळ मान खाली घालून तसेच थांबले. मग धोतराच्या सोग्याला तोंड पुसून त्यांनी वही उघडली आणि तारखेपुढे दोन आकडा घातला.