गटाचं कर्ज आणि दारातली शेजारीण

मायक्रोफायनान्सचा हप्ता थकला की दारात आधी गटातल्या बायका येतात. मीटिंगमध्ये एकीचे पैसे कमी पडले, की फील्ड ऑफिसर बाकीच्यांना उठू देत नाही. ‘तिचे आणा, मग जा,’ म्हणतो. कुणाला रोजावर पोचायचं असतं, कुणाचं मूल घरी एकटं असतं. मग त्या उठून तिच्या ओट्यावर जाऊन बसतात. साहेब लांब मोटरसायकलला टेकून उभा राहतो. त्याला आवाज चढवावाच लागत नाही.

तारण नसलेल्या बायकांना गटाच्या भरवशावर कर्ज मिळालं, हे या पद्धतीचं मोठं काम आहे आणि ते मी नाकारत नाही. घेतलेलं कर्ज फेडायलाही हवं. पण इथे वसुली चालते ती चार लोकांतल्या अब्रूच्या धाकावर, आणि अब्रू कुठल्याच कर्जाच्या कागदावर तारण म्हणून लिहिलेली नसते.

कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. हप्ता ठरलेल्या जागीच घ्यायचा. कर्जदार तिथे लागोपाठ दोनदा आली नाही, तरच घरी किंवा कामावर जायचं. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना आणि मैत्रिणींना त्रास, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, सगळं मना आहे. वसुलीचा माणूस कंत्राटी असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच. तिच्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी; 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. 14448 या नंबरवर माहिती मिळते. धमकी आली तर पोलीस ठाणं आहेच.

‘जेलमध्ये टाकू’ ही धमकी सर्रास चालते. फसवणूक नसेल, तर कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, आणि केवळ गरिबीमुळे फेड न करू शकणाऱ्याला तुरुंगात घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितलं. चेक न वटल्यास मात्र फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून सही केलेला कोरा चेक कुणाच्या हाती देऊ नये.

‘गळ्यातलं मोडा’ असंही सांगितलं जातं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 वाचावं. कोर्टाचा हुकूमनामा असला तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचे बैल आणि बियाणं जप्त होत नाही. धर्माच्या रिवाजाने बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही जप्त होत नाहीत. कोर्ट ज्याला हात लावत नाही, ते वसुलीला आलेला पोरगा ओट्यावर उभा राहून मागतो.

कर्जाचा हा झगडा जुना आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन सबंध व्यवहार तपासायला लावलं. सही आहे म्हणून कागद खरा, एवढ्यावर निकाल थांबेना. कर्ज देणाऱ्याचीही तपासणी झालीच पाहिजे, हे तेव्हा मान्य झालं. आजचा नियमही तेच म्हणतो: कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि ते पाहायचं देणाऱ्या संस्थेने. एकाच घरात चौथं कर्ज टाकणाऱ्याला ‘हे पाहिलंस का?’ असं विचारणारा कुणीतरी हवा.

राहिली शेजारीण. ती पगारी नाही, म्हणून ‘एजंट’च्या व्याख्येत बसत नाही, तिच्याआडून केलेला जाच साहेबाच्या नावावर लागत नाही. संस्थेच्या माणसाने इतर सभासदांना दारात बसवलं, तर ती वसुली त्यानेच केली असं निर्देशांत सरळ लिहायला हवं. मीटिंगमधून कुणालाही उठून जाता येतं, हे वाक्य प्रत्येक कर्जकार्डावर मराठीत, हप्त्याच्या तक्त्याच्या वर, ठळक छापलं पाहिजे.