हिवाळा येण्यापूर्वी





नोव्हेंबर महिना अर्धा सरला आहे. पहाटेच्या मिस्साला येताना आपल्याला आता कुठे शाल अंगावर घ्यावीशी वाटू लागली आहे. परंतु आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांची मुले-मुली आज कॅनडात स्थायिक आहेत. तिथे हे दिवस मोठ्या लगबगीचे असतात. आपण मे महिन्याच्या अखेरीस जशी पावसाळ्याची बेगमी करतो, कौले चाळतो, पन्हळी साफ करतो, तशी त्यांची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिवाळ्याची बेगमी चालते. हे काम फार मोठे नसते. दोन शनिवार पुरतात. मात्र ते बर्फ पडण्यापूर्वीच करावे लागते.

त्यातील तीन कामे आपल्या विचारासाठी घेऊ या.

पहिले काम अंगणातल्या नळाचे. बागेला पाणी घालायचा पाइप काढून ठेवायचा, घरातून त्या नळाकडे जाणारी चावी बंद करायची आणि बाहेरचा नळ उघडा ठेवून आत साचलेले पाणी वाहून जाऊ द्यायचे. कारण पाणी गोठले की सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि धातूचा पाइपही फोडते. गंमत अशी की पाइप फुटल्याचे तेव्हा कळत नाही. बर्फच बुचासारखा बसलेला असतो. वसंत ऋतूत नळ सुरू केला की भिंतीच्या आत पाणी झिरपू लागते, तेव्हा कळते.

दुसरे काम हिरवळीवर पडलेल्या पानांचे. मॅपलची पाने पडताना सुंदर दिसतात, पण त्यांचा जाड, ओला थर हिरवळीवर तसाच राहिला तर खालचे गवत गुदमरते व बर्फाखाली त्याला बुरशी लागते. म्हणून काही जण पाने गोळा करतात, तर काही जण गवत कापायच्या यंत्रानेच त्यांचा बारीक चुरा करतात. तोच चुरा मातीत मुरून खत होतो.

तिसरे काम लावणीचे. जमीन गोठण्यापूर्वी लसणाच्या पाकळ्या आणि ट्यूलिपचे कंद मातीत पुरतात. ट्यूलिपच्या कंदाला काही आठवडे थंडी मिळाली नाही, तर तो नीट फुलत नाही. वरून सारे मेल्यासारखे दिसते, पण फुलण्याची तयारी त्या काळोखातच होत असते.

आता कोणी विचारील, फादर, उद्याची चिंता करू नका असे प्रभूनेच सांगितले आहे ना? मग ही सारी तयारी कशाला? प्रश्न योग्य आहे. १३व्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचा सुंदर उलगडा केला आहे. ते म्हणतात, प्रत्येक काळाची आपली अशी काळजी असते. उन्हाळ्यात पिकाच्या कापणीची काळजी घ्यावी, द्राक्षतोडणीची काळजी शरद ऋतूत घ्यावी. उन्हाळ्यातच द्राक्षांच्या काळजीने झुरणे म्हणजे उद्याचे ओझे आज उचलणे. प्रभू मना करतो ते या झुरण्याला. योग्य वेळी योग्य काम उरकण्याला नव्हे. उलट दूरदृष्टी हा शहाणपणाचा मुख्य भाग आहे, असेच संत थॉमस शिकवतात. चिंता माणसाला खुर्चीत खिळवून ठेवते, दूरदृष्टी त्याला कामाला लावते. दोहोंत हा फरक आहे.

पवित्र शास्त्रातही हिवाळ्यापूर्वीची एक लगबग आहे. संत पौल रोममध्ये बंदिवासात आहे. आपला अंत जवळ आला हे त्याला ठाऊक आहे. देमास सोडून गेला आहे, जवळ फक्त लूक आहे. अशा वेळी तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो काय मागतो? त्रोवस येथे कार्पाकडे राहिलेला आपला झगा, पुस्तके आणि चर्मपत्रे. शेवटी तो कळकळीने विनवतो की, हिवाळ्याच्या आत येऊन पोहोच. ही घाई उगीच नव्हती. त्या काळी भूमध्य समुद्रातील जहाजांची ये-जा हिवाळ्यात थांबत असे. रोमन लेखक वेजेशियस ११ नोव्हेंबर ते १० मार्च हा काळ समुद्र बंद असण्याचा म्हणून सांगतो. तिमथीने आठवडाभर चालढकल केली असती, तर पौलाची भेट वसंत ऋतूवर गेली असती. पौलाकडे तेवढा अवधी नव्हता. तिमथी वेळेत पोहोचला की नाही, हे शास्त्र सांगत नाही.

त्याच पत्रात पौलाची आणखी एक मागणी आहे. येताना मार्कला बरोबर घेऊन ये, त्याचा मला उपयोग आहे. हा तोच मार्क, ज्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद झाला होता. पहिल्या प्रवासात मार्क अर्ध्या वाटेवरून परतला, म्हणून पुढच्या वेळी पौलाने त्याला सोबत घ्यायला साफ नकार दिला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात हे वाचायला मिळते. आयुष्याच्या अखेरीस मात्र पौलाने आपल्या नळातले साचलेले पाणी वाहून जाऊ दिले. हिवाळ्यासाठी त्याला झगा हवा होता, तसा मार्कही हवा होता.

बंधुभगिनींनो, आपल्या गावात बर्फ पडत नाही, पण हिवाळा पडतो. वाडीच्या वाटणीवरून, वाटेच्या हातभर जागेवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. एकाच मिस्साला येतात, दोन दारांनी बाहेर पडतात. वरून सारे शांत दिसते. पण आत साचलेले पाणी गोठत असते. त्याने केलेली फूट दिसते ती पुष्कळदा दफनभूमीत, जेव्हा एकजण पेटीत असतो आणि दुसरा कोपऱ्यात उभा राहून रडतो. या महिन्यात आपण मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण करतो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. हे उत्तमच आहे. परंतु जिवंत भावाच्या दारापर्यंत जायला जितकी पावले लागतात, त्याहून अधिक पावले दफनभूमीपर्यंत लागतात. तीही आपण चालून जातो, हे विसरू नये.

दुसरा हिवाळा आपल्या वृद्धांचा. मोठाले बंगले आहेत, मुले परदेशी आहेत, आणि संध्याकाळी घरात एकच दिवा लागतो. त्या आई-बाबांच्या मुलांना मला सांगायचे आहे : तुम्ही पाठवलेली शाल पोहोचली, पैसेही पोहोचले. पण पौलाने झगा मागितला तेव्हा माणसालाही बोलावले होते. जमेल तेव्हा येऊ, असे म्हणू नका. तारीख ठरवा. आणि जे इथे आहेत त्यांनी अशा घराचे दार ठोठवावे, दोन घटका बसावे. त्यासाठी जहाज लागत नाही.

११ नोव्हेंबरला आपण तूर्सचे बिशप संत मार्टिन यांचा सण साजरा केला. ऐन हिवाळ्यात आमियां शहराच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला. त्या झग्याला लॅटिनमध्ये जे नाव पडले, त्यावरूनच चॅपेल हा शब्द आला. म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळाच्या नावातच थंडीत वाटून घेतलेले वस्त्र आहे!

लवकरच आगमनकाळ सुरू होईल. गोठा बांधू, करंज्या तळू, घराला रंग लावू. त्याबरोबर तीन छोटी कामे करू या. प्रायश्चित्त साक्रामेंत घेऊन साचलेले पाणी वाहू देऊ. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याकडे नाताळापूर्वी एकदा जाऊ. त्याने दार उघडले नाही तरी आपले जाणे वाया जात नाही. गळून पडलेली पानेही मुरली तर खत होतात. आणि आपल्या शेजारच्या एका वृद्धाची रोजची विचारपूस सुरू करू.

यातले काहीच लगेच फुलणार नाही. कंद पुरल्यावर कोणी रोज माती उकरून पाहत नाही. पण जो गव्हाच्या दाण्याविषयी बोलला आणि स्वतः मातीत गेला, तो तिसऱ्या दिवशी उठला. त्याच्यावर भरवसा ठेवून आपण आपल्या वाटणीची लावणी वेळेत उरकू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला धर्मगुरू