सहा कामं आणि दोन हात

जरा बसा. पाठ भिंतीला टेकू द्या. कांदाकाढणीला गेलेली घरची माणसं अजून परतली नाहीत. तुम्ही मागे थांबलात, कारण आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, एकटं सोडता येत नाही. सावकाश श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता सकाळपासूनचा दिवस आठवा. अंघोळ. लुगडं नेसवणं. संडासला नेणं. उठवणं-बसवणं. ओलं झालेलं अंथरूण. भरवणं. माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो, हे मोजायला अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कात्झ यांनी 1963 मध्ये हीच सहा कामं धरली. बहुधा अंघोळ आधी सुटते, हाताने जेवणं सगळ्यांत शेवटी. आत्याबाईंच्या हातून सुटलेलं प्रत्येक काम तुमच्या हातात आलं आहे. कंबर, खांदे, मनगटं. जिथे दुखतंय तिथे थोडा वेळ लक्ष राहू द्या.

आता रात्र आठवा. ‘मला घरी जायचंय’ म्हणत त्या कडी चाचपतात. दाराशी ऊस, उसात बिबट्याचा वावर, आणि घरधनी रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला गेलेले. तुम्ही आडव्या होता, पण कान जागाच राहतो. या थकव्याला आळस म्हणू नका.

आज चिडून काही बोललात का? आठवू द्या. त्या मुद्दाम त्रास देत नाहीत. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार त्यांच्याकडून ते करवतो. तुम्हीही वाईट नाही. तुमची झोप झालेली नाही. 2023 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 88 लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचं प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. अशा कितीतरी घरांत या घटकेला कुणीतरी तुमच्यासारखंच दमून बसलं असेल.

पुन्हा एकेका कामापाशी थांबा. त्यातलं काय त्यांना अजून जमतं? भाकरीचा तुकडा हातात दिला तर तोंडाशी नेतात का? तेवढं त्यांनाच करू द्या, वेळ लागला तरी. उरलेल्या कामांपुढे घरातल्या माणसांची नावं लावा: नवरा, दीर, नणंद, आत्याबाईंचा मोठा नातू.

मन फारच भरून आलं तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

आणि आज जेवणं झाल्यावर घरच्यांना स्पष्ट सांगा: आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी जागायचं, मी झोपणार आहे.