स्वतंत्रपूरच्या बांधावर

डोळे मिटा. श्वास येतोय तसा येऊ द्या. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात एका बांधावर तुम्ही बसला आहात. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली वसवलेली ही कैद्यांची खुली वसाहत. 1957 सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट इथल्याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा याच तालुक्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांची.

समोर एक माणूस ज्वारीत खुरपतोय. मूठ आवळलेली, नखांत माती. कागदावर त्याच्या नावापुढं एकच शब्द आहे: खून.

तो शब्द खोटा नाही, पण पुरेसाही नाही. असू द्या तिथंच.

निदानाचंही असंच असतं. ‘नैराश्य’ म्हटलं की उपचाराला दिशा मिळते, पण तो शब्द हजारोंना लागू पडतो. याच माणसाला, आणि आत्ताच का, हे समजून घ्यायला मानसशास्त्रज्ञ त्याच्या दुखण्याची मांडणी करतात. तिलाच केस फॉर्म्युलेशन म्हणतात.

आता एकेक प्रश्न मनात सोडा. उत्तराची घाई नको.

आधीपासून काय साचत होतं?

त्या दिवशी नेमकं काय घडलं?

त्रास अजून चालू कशामुळं राहिलाय?

मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांच्या रीतीनं पाहणारा त्या क्षणी मनात चमकलेला विचार शोधेल. मनोविश्लेषणाच्या वाटेनं जाणारा लहानपणच्या नात्यांकडं वळेल. वर्तनवादी विचारेल, संतापाच्या आधी काय होतं आणि नंतर पदरात काय पडलं? प्रत्येकाला थोडं थोडं दिसतं.

मला मात्र यापुढचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि घाईत तोच राहून जातो. या माणसाला सावरून कशानं धरलंय?

इथं जरा जास्त थांबा. बांधावरून त्याची बायको भाकरी घेऊन येतेय, मागं पोर. तिची चाहूल लागताच त्याची मूठ सैल झालीय, पाहिलंत? इथं कैद्यांना कुटुंबासह राहून शेती करता येते. वसाहत आखणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी शोधलं, म्हणूनच भिंत घालायची गरज त्यांना वाटली नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही जुळवलेलं सगळं हळू आवाजात त्याला सांगा. शेवटी हा अंदाजच आहे. तो ऐकतो, खुरपं खाली ठेवतो, मान हलवतो.

“तसं न्हवतं ते.”

मनातली मांडणी पुसा. बांधावर थोडं सरकून त्याला जागा करून द्या, आणि तो बोलेपर्यंत गप्प बसा.