म्युऑनचे घड्याळ

वेग प्रकाशाच्या जवळ गेला की काळ मंदावतो, असे आपण शिकतो. त्यातले 'मंदावतो' हे क्रियापद मला फार दिवस खटकत आले आहे. त्यामुळे वाटते, वेगाने जाणाऱ्या वस्तूलाच काहीतरी होते आहे. म्युऑनची गोष्ट नीट समजून घेतली की हा ग्रह टिकत नाही.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे दोनशेपट जड भाऊबंद. वैश्विक किरण हवेवर आदळले की पंधराएक किलोमीटर उंचीवर तो जन्मतो आणि सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत संपतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा 660 मीटरच जातो. या हिशेबाने अब्जावधींतून एखादाच खाली पोचायला हवा. प्रत्यक्षात दर सेकंदाला एखाददुसरा आपल्या तळहातातून आरपार जात असतो.

होमी भाभांनी 1938 साली, केंब्रिजला असतानाच, हे हेरले होते. असा अल्पायुषी कण स्वतःच एक घड्याळ आहे. धावताना तो किती टिकतो हे पाहिले की आइनस्टाइनच्या सिद्धांताची थेट परीक्षा होईल. म्युऑन हे नावही तेव्हा रूढ नव्हते! पुढे जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये म्युऑन वर्तुळात फिरवत ठेवले गेले. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्यांचे आयुष्य 64 मायक्रोसेकंद भरले. एकोणतीसपट.

मग म्युऑनला जास्त जगायला मिळाले का? आपल्या घड्याळावर, हो. त्याच्या स्वतःच्या घड्याळावर तो 2.2 इतकाच जगला. हवेतून येणारा, तितक्याच वेगाचा म्युऑन घ्या. त्याच्या लेखी तो जागचा हलतच नाही. पृथ्वीच त्याच्याकडे धावत येते, आणि धावणारी पंधरा किलोमीटरची हवा आखडून जेमतेम अर्धा किलोमीटर उरते.

आपण म्हणतो काळ लांबला, तो म्हणतो अंतर आखडले. यात खरा कोण, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कोकणातून निघालेला ज्याला चढ म्हणतो, त्याला देशावरून येणारा उतार म्हणतो, घाट एकच. इथला घाट 1908 साली हर्मान मिंकोव्स्कीने दाखवला. काळ आणि अंतर एकेकटे पाहिले तर पाहणाऱ्यागणिक बदलतात, पण दोघांचा एक विशिष्ट मेळ कुणासाठीच बदलत नाही. त्या मेळाने म्युऑनचा जमिनीपर्यंतचा प्रवास मोजा. आपण मोजला काय, त्याने मोजला काय, उत्तर एकच येते: सुमारे 1.7 मायक्रोसेकंद.