खिडकी कोणाच्या दारात?

आपल्या घरात शांततेने राहण्याचा माणसाचा हक्क कोणी नाकारत नाही. पण हा हक्क कुंपणापाशी संपतो, की कुंपणापलीकडच्या जमिनीवरही पोहोचतो? अमेरिकेतील अनेक गावांत आज हा प्रश्न एका साध्या खिडकीने उभा केला आहे.

ही खिडकी 'ड्राइव्ह-थ्रू' उपाहारगृहाची. ग्राहकाने मोटारीतून उतरायचे नाही. ध्वनिक्षेपकापाशी थांबून पदार्थ सांगायचे, खिडकीतून पुडके घ्यायचे आणि निघून जायचे. १९४८ साली कॅलिफोर्नियातील बाल्डविन पार्क येथे 'इन-एन-आउट'ने असे दुकान उघडले. १९७५ साली मॅकडोनाल्ड्सने आपली पहिली खिडकी ॲरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे उघडली, ती जवळच्या तळावरील सैनिकांसाठी. कामाच्या गणवेशात त्यांना तळाबाहेर गाडीतून उतरण्यास मनाई होती. म्हणजे गरज खरी होती. मागच्या आसनावर मूल झोपलेले असताना आईला, चालणे अवघड झालेल्या वृद्धाला ही खिडकी आजही उपकारक वाटते.

मात्र ज्याच्या परसामागे ही रांग लागते, त्याच्या वाट्याला रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपकाचा आवाज, चालू इंजिनांचा धूर आणि शयनगृहाच्या भिंतीवर फिरणारे दिव्यांचे झोत येतात. म्हणून जाहीर सुनावणीत शेजारी उभे राहतात आणि 'नको' म्हणतात. सॅन लुइस ओबिस्पो शहराने १९८२ साली अशा खिडक्यांना बंदी केली. मिनियापोलिसने २०१९ साली नव्या खिडक्यांना मनाई केली. खुद्द बाल्डविन पार्कनेही २०१० साली नव्या परवान्यांना काही काळ स्थगिती दिली.

या विरोधाला न्यायाचा आधार आहे. १९२६ साली ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवासी आणि व्यापारी विभाग वेगळे ठेवण्याचा गावाचा अधिकार मान्य केला. उपद्रव म्हणजे कित्येकदा भलत्या जागी आलेली चांगली गोष्ट. गोठ्याऐवजी दिवाणखान्यात शिरलेल्या डुकरासारखी, असा त्या निकालाचा आशय होता. परंतु त्याच निकालाने, एकेका कुटुंबाच्या बंगल्यांमध्ये उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतींनाही बांडगूळ ठरवले. ज्या युक्तिवादाने धूर अडवला, त्यानेच स्वतःचे घर बांधण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही अडवले. आम्हांला अस्वस्थ करते ते हेच.

तेव्हा शेजाऱ्यांचा 'नको' न्याय्य केव्हा? आमच्या मते त्याला दोन कसोट्या लागतात. पहिली : विरोध उपद्रवाला आहे की माणसांना? आवाज, धूर, रांग मोजता येतात. भिंत उंच करून, वेळ आखून त्यांवर काही उपायही करता येतो. पण 'तसली माणसे इकडे येतील' ही तक्रार कोणत्याही भिंतीने शमत नाही. कारण तिचे मूळ कानात नसून मनात असते. दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. सुनावणीत तावातावाने बोलून घरी परतताना वाटेत आपणच दुसऱ्या वस्तीतल्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिलो, तर आपण उपद्रव नाकारला नाही, तो केवळ दुसऱ्याच्या दारात ढकलला. आणि ते दार बहुधा अशांचे असते, ज्यांना रात्रपाळीमुळे सुनावणीला येता येत नाही.

सोय हवी, पण तिची किंमत दुसऱ्याने द्यावी, ही वृत्ती केवळ त्या देशाची नाही. आम्हीही तिच्यापासून मुक्त नाही. मोटारीत बसलेला ग्राहक आपल्या घराच्या अगदी जवळ येतो, तरी उतरत नाही. म्हणून तो शेजारी होत नाही. पण सुनावणीला जमलेल्या आपल्यालाही हाच प्रश्न लागू आहे. आपल्या कुंपणाआड बसून 'नको' म्हणणारे आपण, पलीकडच्या वस्तीसाठी कधी आपल्या गाडीतून उतरतो काय?