दुःखास प्रमाण काय?

शासन या संस्थेला मन नसते आणि इंद्रियेही नसतात. असतात ती दफ्तरे, नोंदवह्या, परिपत्रके आणि अलीकडे संगणकाच्या पडद्यावर रोज सकाळी उमटणारे आकडे. अशा संस्थेला एखाद्या माणसाची अडचण कळली असे आपण कोणत्या अर्थाने म्हणावे, आणि कळली नाही तर त्या अज्ञानाचा दोष कोणाच्या माथी जातो, हा प्रश्न सार्वजनिक सेवांच्या डिझाइनचे व वापरकर्ता-संशोधनाचे काम करणाऱ्या पथकाचे नेतृत्व ज्याच्याकडे येते त्याला प्रथमदर्शनी व्यवस्थापनाचा वाटतो. मला मात्र तो मुळात प्रमाणशास्त्राचा, आणि म्हणूनच धर्माचाही, प्रश्न वाटत आला आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने २०१३ साली ज्या कुटुंबांना स्वस्त धान्याचा कायदेशीर हक्क दिला, त्यांपैकी एका कुटुंबातील प्रौढ बाई रेशन दुकानातील पॉस यंत्रापुढे उभी असताना आमच्या पथकातील संशोधिकेने जे टिपून ठेवले, ते येथे सांगतो. वर्षानुवर्षे ऊसतोडीत कोयता धरून बाईंच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या, अंगठा उमटेना, तेव्हा दुकानदार म्हणाला, "मावशी, दुसरं बोट लावा." त्यांनी तर्जनी पाण्यात बुडवली, पदराने पुसली, जोर देऊन काचेवर धरली, मग मधले बोट, मग डावा हात. मागची रांग कुरकुरू लागली, तशी त्यांनी आपणच ओशाळून रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि बाजूला झाल्या. अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचे धान्य अडवू नये अशी सूचना केंद्र शासनाने २०१७ साली सर्व राज्यांस दिलेली आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. महिन्याच्या अखेरीस त्यांच्या शिधापत्रिकेपुढे शेरा पडला तो एवढाच: उचल नाही.

हा शेरा खोटा नाही, आणि त्याची सारी भयंकरता यातच आहे. धान्य उचलले गेले नाही हे खरे. पण त्यावरून कचेरी जे अनुमान काढते, की या कुटुंबास धान्याची गरज नसावी, आणि ज्याअर्थी तक्रार आलेली नाही त्याअर्थी त्रासही नसावा, ते अनुमान ज्या पायावर उभे आहे तो पाया आपल्या मीमांसकांनी फार पूर्वी तपासून ठेवला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र, सहावे प्रमाण मानले. परंतु ते मानताना तिला योग्यतेची अट घातली. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच तिचे न दिसणे हे तिच्या नसण्याचे प्रमाण होते. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून तेथे घट नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही. तक्रारीचा अर्ज ऑनलाइन, त्यास मोबाइलवर येणारा ओटीपी, आणि मोबाइल मुलाजवळ, तोही कामासाठी परगावी: अशा व्यवस्थेत बाईंची तक्रार न येणे हे कशाचेच प्रमाण नव्हे. माझ्या मते आमच्या पथकाचे पहिले कर्तव्य नवी रचना करणे हे नसून, कचेरीच्या प्रत्येक "नाही"पुढे थांबून, असते तर ते आपल्याला दिसले असते काय, असे विचारणे हे आहे.

आता नेतृत्व करणाऱ्याची खरी अडचण पाहा. संशोधिकेस प्रत्यक्ष लाभते. तिच्या प्रमुखाच्या वाट्याला बहुधा शब्दच येतो, आणि सचिवांपर्यंत पोहोचतो तो शब्दाचाही शब्द. या वाटेवर वाक्ये कशी झिजतात ते मी जवळून पाहिले आहे. "पाच बोटे लावूनही धान्य मिळाले नाही" याचे पहिल्या टिपणीत "प्रमाणीकरणात अडथळा" होते, दुसऱ्या टिपणीत "काही लाभार्थ्यांना किरकोळ तांत्रिक अडचणी" होते, आणि बैठकीच्या इतिवृत्तात "कार्यवाही समाधानकारक" एवढेच उरते. खोटे कोणीच बोललेला नसतो. ब्रिटनच्या शासनाने २०११ साली स्थापन केलेल्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने, पथकातील प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत निदान दोन तास लोकांना सेवा वापरताना स्वतः पाहावे, असा परिपाठ घातला, तो मला म्हणूनच फार शहाणपणाचा वाटतो. पण प्रत्यक्ष सर्वांना सर्वकाळ लाभणार नाही, आणि तेथे शब्दाची प्रतिष्ठा राखावी लागते. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताचे जे लक्षण सांगितले, की ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, ते ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे असे तो स्पष्ट म्हणतो. या न्यायाने आपल्या भुकेविषयी आणि आपल्या बोटांविषयी त्या बाई आप्त ठरतात, आणि त्यांच्या जबानीपुढे विभागाचा आलेख दुय्यम ठरतो. ती जबानी त्यांच्याच शब्दांत, अप्रिय असली तरी, वरपर्यंत रुजू करणे हे प्रमुखाचे काम होय. त्यासाठी बढती अडली तर अडू द्यावी.

एक शंका राहते, आणि ती सोपी नाही. निरीक्षणाची शिस्त असे सांगते की संशोधकाने साक्षी राहावे, मध्ये पडू नये, नाहीतर जे पाहावयाचे तेच बिघडते. परंतु सांख्यांचा पुरुष साक्षी राहू शकतो तो त्यास कोणाचे काही देणे नसते म्हणून. आम्ही तर त्या बाईंची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून त्यांची लाज पाहून घेतलेली असते, आणि त्या पाहण्यावर आमचा अहवाल उभा राहतो. म्हणून आमच्याकडे असा प्रघात ठेवला आहे की निरीक्षण संपले, वही मिटली, की संशोधिकेने त्या व्यक्तीबरोबर दुकानात परत जावे, पर्यायी ओळखीची मागणी करावी, आणि तेथे जमले नाही तर तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत अर्ज लिहून देऊन पोच घ्यावी. यामुळे नमुना दूषित होतो असा आक्षेप काही अभ्यासू सहकारी घेतात. नोंद आधीच पूर्ण झालेली असल्याने तो मला मान्य नाही, आणि तो खरा ठरला असता तरी मी हा प्रघात मोडला नसता.